वाळूत राहणाऱ्या लहान सापाच्या पेटीचे माप कसे ठरवावे

सापासाठी पेटी घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो लांबीचा: दोन फुटी घेऊ की तीन फुटी? झाडावर चढणाऱ्या सापासाठी उंची आणि जमिनीवर हिंडणाऱ्या सापासाठी लांबी-रुंदी पाहिली की बरेचसे काम भागते. मात्र ज्याचा सगळा दिवस वाळूखाली जातो, जो भक्ष्याची वाट पाहताना डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवतो, त्याच्या पेटीची काच मोजून फारसे काही कळत नाही. त्याला राहायला मिळणारी जागा म्हणजे पेटीत भरलेली वाळू. लांबी, रुंदी आणि वाळूची खोली यांचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून हजाराने भागल्यावर जितके लिटर येतात तितके त्याचे घर मोठे, असे मी मानतो आणि पुढचा सगळा हिशेब त्याच मापाने मांडला आहे.

उदाहरणासाठी मी केनियन सँड बोआ हा साप घेतला आहे, कारण माझ्या गोरेगावच्या घरात गेली काही वर्षे या जातीची एक मादी आहे. तिच्या नारिंगी रंगामुळे घरात तिला शेवंती म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातला हा बिनविषारी साप अंगाने जाडजूड असतो. त्याचे नाक फावड्यासारखे चपटे, शेपटी आखूड आणि डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात. नर साधारणपणे ४० ते ५० सेंटिमीटर आणि मादी ६० ते ७५ सेंटिमीटर लांब होते. एखादी मादी ९० सेंटिमीटरपर्यंतही जाते. हा साप नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे सहज जगतो. त्यामुळे पेटी निवडताना आज समोर असलेल्या पिल्लाचा विचार करून भागत नाही, आणि आपल्याकडे नर आहे की मादी हे पशुवैद्याकडून आधी तपासून घेणे फार उपयोगाचे ठरते.

येथे कायद्याची बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडचे मांडूळ, ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात, आणि दुरकंड्या घोणस हे दोन्ही साप याच कुळातले आणि वाळूत राहणारे आहेत. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण असल्यामुळे ते पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मांडुळाच्या वजनाविषयी आणि गुप्तधनाविषयीच्या अंधश्रद्धेपायी महाराष्ट्रात या गरीब प्राण्याचे अतोनात हाल झाले आहेत. तो कोणी कितीही आग्रहाने देऊ केला तरी घेऊ नये. परदेशी जातींपैकी ज्या साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, आणि सँड बोआ त्यांत मोडतात, त्या बाळगायच्या असतील तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. साप कायदेशीररीत्या आयात झालेल्या वंशातला असल्याची कागदपत्रे विक्रेत्याकडे नसतील, तर पेटीचे माप शोधण्याची गरजच उरत नाही. तो साप घेऊ नये.

आधी साप मोजावा

वाळूतला साप सरळ होऊन कधी पडत नाही, आणि त्याला ताणून धरणे म्हणजे त्याच्या मणक्यांशी खेळणे होय. त्यासाठी सोपा उपाय असा: तळ सपाट असलेला, पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सापाला अलगद ठेवावे, शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवावी आणि बरोबर वरून मोबाइलने छायाचित्र काढावे. ते छायाचित्र मोठे करून पडद्यावर किंवा कागदावर पाठीच्या मध्यरेषेवरून शिवणाचा दोरा वळणावळणाने फिरवावा आणि तो दोरा त्याच छायाचित्रातल्या पट्टीशी लावून पाहावा. दर दोन महिन्यांनी हे केले की वाढ कळते. टाकलेली कात मोजून लांबी ठरवण्याची चूक पुष्कळ जण करतात. कात उतरताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा चांगलीच लांब भरते.

माझ्या मते पेटीची लांबी पूर्ण वाढलेल्या सापाच्या लांबीपेक्षा कमी नसावी, रुंदी निदान त्याच्या निम्मी असावी आणि वाळूची खोली दहा सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. याचा अर्थ, नरासाठी ६० बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे दोन फूट बाय दीड फुटाची पेटी आणि मादीसाठी ९० बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे तीन फूट बाय दीड फुटाची पेटी. जुन्या सल्ल्यानुसार नराला यापेक्षा बऱ्याच लहान टाकीत ठेवले जाते, आणि तेवढ्यात नर जगतोही. पण विणीच्या काळात नर रात्रभर हिंडत असतो, हे ज्यांनी पाहिले आहे ते त्याला दीड फुटाच्या टाकीत ठेवण्याचा आग्रह धरणार नाहीत. मादी ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर चार फुटी पेटी करावी.

हे मला उशिरा उमगले. शेवंतीला पहिल्यांदा ठेवले ती पेटी ४५ बाय ३० सेंटिमीटरची होती आणि तिच्यात चार सेंटिमीटर वाळू होती. वाळूखालच्या सापाला एवढे पुष्कळ होते, लहान जागेत त्याला सुरक्षित वाटते, असे ज्याच्याकडून ती पेटी घेतली त्याने सांगितले आणि मी ते मानले. तेव्हा ती ५८ सेंटिमीटरची होती. दिवसा ती वाळूत शिरायची खरी, पण तिची पाठ वर उघडी राहायची, आणि रात्री दीड-दोनच्या सुमारास उठून पाहिले की ती चारही भिंतींच्या कडेने नाक घासत फिरताना दिसायची. एका सकाळी तिच्या नाकाच्या टोकावरचा खवला पांढरट होऊन सोललेला दिसला. त्याच सुमारास पाच आठवडे तिने उंदीर घेतला नाही. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुन्या पेटीत वाळू होती साडेपाच लिटरच्या आत. त्यातून पाण्याची वाटी आणि दगड वजा केला तर आणखी कमी. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या पेटीत १२ सेंटिमीटर वाळू घातली तर साडेअठ्ठेचाळीस लिटर होणार होती. तळाचे क्षेत्रफळ तिप्पट, पण खोलीही तिप्पट, म्हणून वाळू नऊपट. पेटी बदलल्यावर नाकाचा खवला दुसऱ्या कातेबरोबर स्वच्छ झाला आणि ती खाऊ लागली. त्याच वेळी मी उबेची व्यवस्थाही सुधारली होती, त्यामुळे सगळे श्रेय जागेला देणे बरोबर होणार नाही. मात्र रात्रीचे ते भिंत घासणे थांबले ते नव्या पेटीतच.

मोठ्या पेटीत लहान साप घाबरतो, असे नेहमी ऐकू येते. घाबरतो हे खरे, पण कारण वेगळे असते. उघड्यावर पडलेल्या सापाला लहान पेटीतही भीती वाटते, आणि अंग पूर्ण झाकेल एवढी वाळू व दोन-तीन आडोसे असतील तर तीन फुटांच्या पेटीतही तो निश्चिंत असतो.

उंचीला फार किंमत देऊ नये. १२ सेंटिमीटर वाळू आणि तिच्यावर वीस-पंचवीस सेंटिमीटर मोकळी जागा एवढे पुरते. म्हणजे एकूण उंची ३२ ते ३७ सेंटिमीटर. पेटी समोरून उघडणारी हवी असेल तर करणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगावी: सरकत्या काचांच्या खाली निदान १५ सेंटिमीटर उंचीची स्थिर पट्टी ठेवावी. कपाटाच्या पद्धतीने केलेल्या पेट्यांत ही पट्टी पाच-सहा सेंटिमीटरची असते, त्यामुळे वाळूही तेवढीच भरता येते आणि पेटी बाहेरून कितीही भव्य दिसली तरी आतले घर तळहाताएवढे उथळ राहते. शिवाय वाळू काचांच्या खाचेत गेली की काच अर्ध्यात अडकते. ती जोराने ओढताना माझ्या एका पेटीची काच कोपऱ्यावर टवका उडून फुटली आहे. वाळूची पातळी खाचेपासून दोन बोटे खाली ठेवावी.

वजनाचा विचार

मुंबईच्या घरात मापाचा प्रश्न लगेच वजनापाशी येऊन थांबतो. कोरड्या वाळूचे वजन लिटरमागे साधारण दीड-पावणेदोन किलो असते. म्हणजे मादीच्या पेटीतली साडेअठ्ठेचाळीस लिटर वाळू पंचाहत्तर-ऐंशी किलोंची झाली. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेची तीन बाय दीड बाय दीड फुटांची पेटी रिकामी असतानाच चोवीस-पंचवीस किलो भरते. वर झाकण, फरशी, पाणी धरले तर हा भार शंभर किलोंच्या पुढे जातो, आणि तो भिंतीला ठोकलेल्या फळीवर किंवा टीव्हीच्या हलक्या कपाटावर ठेवता येत नाही. लोखंडी अँगलचे बुटके स्टँड करून घ्यावे, त्यावर १९ मिलिमीटरचा प्लायवूड टाकावा आणि काचेखाली थर्माकोलची पातळ शीट अंथरावी, म्हणजे जमिनीतला चढउतार काचेवर येत नाही. जुन्या चाळीत लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर पेटी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवावी, आणि ती जमीन आधीच लवचिक वाटत असेल तर वाळूचा नाद सोडावा.

वाळूऐवजी आस्पेन लाकडाचा भुसा वापरला तर तेवढ्याच जागेसाठी सात-आठ किलोंत काम होते. हा भुसा कोरडा आणि स्वच्छ असतो, आणि सापाने केलेले बोगदे त्यात टिकून राहतात, जे निव्वळ वाळूत कधी टिकत नाहीत. तो महाग पडतो आणि भिजला की लगेच बुरशी धरतो, हे त्याचे दोन दोष आहेत. सुताराच्या दुकानातला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये. त्यात सागवान, देवदार, प्लायवूडचा डिंक असे सगळे मिसळलेले असते, आणि सुगंधी लाकडातली तेले बंद पेटीत सापाच्या श्वासाला त्रासदायक ठरतात. वाळू घ्यायची तर नदीची, बारीक, गोल कणांची घ्यावी. बांधकामाची क्रश सँड दगड फोडून केलेली असल्यामुळे तिचे कण धारदार असतात. चौपाटीची वाळू तर आणूच नये. ती खारट आणि घाणेरडी असते. चांगली वाळूसुद्धा बादलीत पाणी निवळ होईपर्यंत धुवावी, गच्चीवर जुन्या चादरीवर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि मग पिठाच्या नव्हे तर रव्याच्या चाळणीने चाळावी. मी स्वतः तीन भाग वाळू आणि एक भाग कोरडी, चाळलेली माती वापरतो, कारण एवढ्या मातीमुळे वाळूला थोडी पकड येते. मोजायला घरातली बादली चालते. वीस लिटरची बादली जवळजवळ अडीच वेळा रिकामी करावी लागली की मादीची पेटी भरली असे समजावे.

वजनामुळे मोठी पेटी शक्यच नसेल, तर लांबी-रुंदी कमी न करता भुशाकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा कमी करून वाळू ठेवण्यापेक्षा जागा ठेवून वाळू बदलणे सापाच्या हिताचे असते.

ऊब आणि पावसाळा

पेटीची लांबी केवळ हिंडण्यासाठी लागत नाही. सापाला स्वतःच्या शरीराची ऊब निर्माण करता येत नसल्यामुळे तो उबदार आणि गार जागांत ये-जा करून ती सांभाळतो. या जातीला एका टोकाला ३२ ते ३५ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २७ अंश तापमान मानवते. दीड फुटाच्या पेटीत दिवा लावला की दोन्ही टोके सारखीच तापतात. थंड देशातल्या पाळणाऱ्यापुढे पेटी ऊबदार कशी ठेवावी हा प्रश्न असतो. मुंबईत मार्चपासून जूनपर्यंत पेटीचे एक टोक गार कसे ठेवावे हाच खरा प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर म्हणजे लांबी आणि खोली. दिवा डाव्या टोकावर वरून लावला आणि उजवे टोक तीन फुटांवर असले की फरक पडतो. शिवाय वरून तापलेली वाळू आठ-दहा सेंटिमीटर खाली बरीच निवलेली असते. सापाला नुसते खाली जाऊन गारवा मिळतो.

याच कारणासाठी तळाखाली चिकटवायच्या हीट मॅटविषयी मी सावध राहायला सांगतो. खोल वाळूच्या पेटीत ती सगळे उलटे करून ठेवते: वर गार आणि खाली गरम. खाली जाऊन थंड व्हावे ही सापाची जन्मजात सवय, आणि खाली जावे तो चटका. पोट तापलेल्या काचेला टेकवून साप पडून राहतो आणि भाजतो, पण हलत नाही. मॅट वापरायचीच असेल तर ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, वापरू नये आणि तळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग तिने व्यापू नये. वरचा दिवा किंवा सिरॅमिक हीटरही थर्मोस्टॅटवरच असावा. मे महिन्यात माझ्याकडे तो दिवसातून जेमतेम दोन-तीन तास चालू होतो.

पेटी मागवण्याआधी ती जिथे ठेवणार तिथे कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आठवडाभर ठेवावा. माझ्याकडे जी जागा सर्वांत सोयीची वाटत होती, तिथे पश्चिमेच्या खिडकीतून चारनंतर ऊन येत होते आणि थर्मामीटरने ३७ अंश दाखवले. काचेच्या पेटीवर थेट ऊन आले तर आतला प्राणी तासाभरात मरू शकतो. ग्रिलच्या बाल्कनीत पेटी ठेवण्याचा विचारही करू नये: ऊन, पावसाची झड, उंदीर, मांजरे, कावळे असे सगळेच तिथे येते.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मात्र मापापेक्षा हवा खेळती असणे महत्त्वाचे ठरते. हा कोरड्या प्रदेशातला साप आहे; त्याला ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरते आणि जुलैत आपल्या घरात ती ८० टक्क्यांच्या वर असते. चारी बाजूंनी काच आणि वर छोटी जाळी असलेल्या माशांच्या टाकीत ही दमट हवा कोंडते. त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींत, एकीकडे वाळूच्या पातळीच्या थोडे वर आणि दुसरीकडे छताजवळ, बारीक स्टीलच्या जाळीची खिडकी ठेवायला सांगावी. गरम हवा वरून बाहेर जाते आणि खालून नवी येते. लाकडी पेटी करायची तर मरीन प्लाय घेऊन आतले सांधे सिलिकोनने बंद करावेत; साधा प्लाय दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो. पाण्याची वाटी लहान, जड आणि गार टोकाला ठेवावी, आणि सांडलेल्या पाण्याची वाळू त्याच दिवशी चमच्याने काढून टाकावी. आठवड्यातून एकदा वरचा थर हलवून वास घ्यावा. कुबट वास आला तर तेवढा भाग बदलावा. पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग किंवा फोड दिसले, तोंडाशी बुडबुडे आले किंवा श्वासाचा आवाज येऊ लागला, तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. परदेशी सल्ल्यांत कात टाकण्यासाठी ओल्या शेवाळाचा डबा ठेवायला सांगतात. मुंबईत वर्षातले दहा महिने त्याची गरज पडत नाही.

पावसाळ्यात मुंग्याही येतात. आमच्या आजीच्या घरी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. मी स्टँडच्या चारी पायांखाली तशाच वाट्या ठेवतो आणि डास होऊ नयेत म्हणून दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलतो.

जड वस्तूंविषयीचा नियम मोडू नये. दगड, कडप्प्याची फरशी, लाकडाचा ओंडका असे काहीही वाळूवर ठेवायचे नाही. साप त्याच्या खालची वाळू उकरतो, वस्तू खचते आणि तो तिच्याखाली चिरडला जातो. अशी वस्तू आधी रिकाम्या पेटीच्या तळावर, विटेच्या तुकड्यांच्या आधाराने घट्ट बसवावी आणि मग भोवती वाळू भरावी. माझ्याकडे दिव्याखाली कडप्प्याचा वीतभर तुकडा अशा रीतीने बसवलेला आहे. तो ऊबही धरून ठेवतो आणि उंदीर त्यावर ठेवला की भक्ष्याबरोबर वाळू पोटात जात नाही. या विटा आणि फरशी यांनी व्यापलेली जागा लिटरच्या हिशेबातून वजा करायला विसरू नये.

पिल्लू जन्मतः सुमारे २० सेंटिमीटरचे आणि पेन्सिलीएवढे जाड असते. त्याला सुरुवातीला ४० बाय २५ सेंटिमीटरचा, सहा-सात सेंटिमीटर वाळूचा डबा सोयीचा पडतो. यामागे सापापेक्षा आपली सोय अधिक आहे: ते खाते की नाही, शी करते की नाही, हे लहान डब्यात नीट कळते. ३५ सेंटिमीटर झाले की त्याला कायमच्या पेटीत हलवावे. मधले दोन-तीन टप्पे घेत वेगवेगळ्या पेट्या विकत घेण्यात पैसे वाया जातात. एका पेटीत एकच साप ठेवावा. दुप्पट मोठी पेटी केली म्हणून दोन साप ठेवता येतात असे नाही.

फटीचे मापही पेटीच्या मापाइतकेच महत्त्वाचे आहे. दोन सरकत्या काचांच्या मध्ये साधारण पाच मिलिमीटर फट राहते आणि पिल्लू तिच्यातून निघून जाते. त्या फटीत पारदर्शक रबरी पट्टी चिकटवावी आणि दुकानांच्या शोकेसला असते तसले कुलूप लावावे. न्हाणीघराच्या जाळीतून खालच्या मजल्यावर गेलेला हा निरुपद्रवी साप अंगावरच्या ठिपक्यांमुळे कोणालाही फुरसे किंवा घोणस वाटेल आणि काठीने मारला जाईल. पेटीवर सापाचे नाव, तो बिनविषारी असल्याची नोंद, नोंदणी क्रमांक आणि आपला दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी लावावी. घरात बाहेरून आलेला साप दिसला तर त्याला हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पेटी आल्यावर

माप नक्की झाले तरी लगेच पैसे देऊ नयेत. वर्तमानपत्रे जोडून ९० बाय ४५ सेंटिमीटरचा कागद कापावा आणि जिथे पेटी येणार तिथे जमिनीवर आठ दिवस चिकटवून ठेवावा. कपाटाचे दार उघडते का, झाडू मारता येतो का, रात्री पाणी प्यायला उठलेले माणूस त्यावर पाय ठेवते का, हे सगळे त्या आठ दिवसांत कळते. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा जवळच्या टाकी करणाऱ्याकडून पेटी करून घेणार असाल, तर माप फुटांत सांगून वर सेंटिमीटरमध्ये लिहून द्यावे आणि ते आतले माप आहे की बाहेरचे, हे स्पष्ट करावे. इमारतीची लिफ्ट आणि जिन्याचे वळणही मोजून घ्यावे.

पेटी आली की सापाला लगेच त्यात ठेवू नये. वाळू भरावी, दिवा आणि थर्मोस्टॅट जोडावा आणि तारेच्या टोकाचे तीन थर्मामीटर लावावेत: एक दिव्याखाली पृष्ठभागावर, एक त्याच जागी तळाशी, आणि एक गार टोकाला वाळूच्या मधोमध. आठवडाभर सकाळ, दुपार आणि मध्यरात्र असे आकडे लिहून ठेवावेत. ते पटले की सापाला गार टोकाला सोडावे आणि पुढचे सात दिवस त्याला उकरून पाहण्याचा मोह आवरावा. पाहुणे हमखास म्हणतात की पेटी रिकामीच आहे; म्हणू द्यावे.

तो जागा वापरतो की नाही हे त्याला न छेडता कळू शकते. रात्री दिवे मालवण्याआधी फूटपट्टीच्या कडेने वाळू सारखी करावी. सकाळी तिच्यावर बोटभर रुंदीच्या उथळ नागमोडी रेषा उमटलेल्या असतात, आणि जिथे तो खाली गेला तिथे छोटा खळगा असतो. माझ्या वहीत मी पेटीचा आयत काढून रोज त्या रेषा ढोबळपणे रेखाटत असे. दोन आठवड्यांच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या आणि पेटीचा एखादा भाग कोराच राहिला, तर आधी तिथले तापमान पाहावे, मग ओल पाहावी. सगळ्या रेषा काचेच्या कडेनेच फिरत असतील आणि खळगे दिसत नसतील, तर वाळू आणखी तीन-चार सेंटिमीटर वाढवून पुन्हा दोन आठवडे रेषा पाहाव्यात.